झिरमिळ्या

आमच्या बोक्याचं नाव सुंगट. मालवणीत सुंगट म्हणजे कोळंबी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला तेव्हा हाताच्या पंजाएवढा होता, रंग केशरी, आणि झोपायचा ते शेपूट नाकाशी आणून गोल वळून. दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. पुण्यात हे नाव सांगितलं की लोक दोनदा विचारतात. गावी सांगितलं तेव्हा सगळे हसले होते, पण नावाला नाही. मांजराला नाव ठेवतात याला.

आमचं गाव सावंतवाडीजवळ. गावातल्या घरी मांजरं नेहमीच होती. ती चुलीशेजारी झोपायची, उंदीर धरायची, मासे कापताना आजीच्या पायात घुटमळायची आणि एरवी कुठे असायची ते कुणी विचारत नसे. त्यांना कुणी पाळलेलं नव्हतं. ती घराला होती, जशी घराला पाल असते, पोफळीवर खार असते. मी लहानपणी गणपतीत कधी 'मांजर आरास पाडेल' हे वाक्य ऐकलेलं नाही. त्या मांजरांना आरास बघायला वेळ नव्हता.

सुंगटला वेळच वेळ आहे. तो दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत राहतो. उंदीर त्याने फक्त माझ्या लॅपटॉपचा पाहिलाय. घरात नवीन वस्तू आली की तो तिची तपासणी करतो, आणि ती कुठल्याही क्यूए टीमपेक्षा कडक असते. पडते का, फाटते का, हलवली की पळते का, तोंडात मावते का. पहिल्या दिवाळीला आकाशकंदिलाच्या कागदी शेपट्या पंधरा मिनिटांत खाली आल्या होत्या. मी त्याचा व्हिडिओ काढला. लोकांना आवडला. मलाही आवडला. त्या शेपट्यांचा एक तुकडा कमी होता का, हे मी मोजलं नव्हतं.

२०२४ सालच्या गणपतीला मी त्याला पहिल्यांदा गावी नेलं. एरवी तो एका मित्राकडे राहायचा, पण त्या वर्षी मित्रही गावी चालला होता. चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी होती. मी गुरुवारी पहाटे निघालो. निपाणीपासून आजऱ्यामार्गे आंबोली घाट उतरेपर्यंत सुंगट बास्केटमध्ये एका सुरात ओरडत होता. बाबांना फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "हाड. पण सणात माका व्याप नको."

ज्यांनी आमच्याकडचा गणपती पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं माटवीबद्दल. मूर्तीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगलेली असते, तिला माटवी म्हणतात. काही घरी माटी म्हणतात, गोव्यात माटोळी. चतुर्थीच्या आधी रानातून आणि परसातून जे जे मिळेल ते आणून तिला बांधायचं. नारळ, सुपारीचे घड, चिबूड, तवसं, आंब्याचे टाळ, हरणाची पिवळी फुलं, तेरडा, कळलावीचं जाळासारखं पिवळं-तांबडं फूल, लालभडक कवंडळं. श्रावण-भाद्रपदात कोकणात जे जे उगवतं त्याची हजेरीच असते ती. सगळं केळीच्या सोपटाने नाहीतर सुंभाने बांधायचं. थर्माकोलची मखरं आली आणि बंदीनंतर गेली, माटवीला काही फरक पडला नाही. आणि ही सगळी आरास माणसाच्या डोक्याच्याही वर. आजी म्हणायची, "माटवी वर कित्याक बांधतत? खाली पोरां आणि माजरां आसत म्हणान." हे कारण तिने स्वतः बनवलेलं असावं. पण मला आता ते बाकी सगळ्या कारणांपेक्षा पटतं.

आमची माटवी बाबा बांधतात, आणि त्यांच्या आधी आजोबा बांधायचे. मला मात्र दरवर्षी वाटायचं की फोटोत ती नीट येत नाही. काळोखं माजघर, वर हिरव्यात हिरवं. म्हणून मी तुळशीबागेतून चंदेरी झिरमिळ्या घेतल्या होत्या. बारीक चमकीच्या, जरीच्या धाग्यात ओवलेल्या, वाऱ्याने हलणाऱ्या. हरताळकेच्या रात्री, सगळे भिंतीच्या रंगकामात असताना, मी त्या माटवीच्या चारही बाजूंनी सोडल्या. लांब सोडल्या, कारण तशा त्या मूर्तीच्या मागे चमकत होत्या. सर्वांत खालचं टोक माझ्या कमरेपर्यंत येत होतं.

बाबांनी बघितलं. "माटवीक ही खेळणी कित्याक?"

"फोटोत बरं दिसेल."

ते काही बोलले नाहीत. आजी तेवढी म्हणाली, "वायच वर बांध." मी हो म्हटलं आणि बांधल्या नाहीत.

सुंगटला आतल्या खोलीत ठेवलं होतं. रात्री कधीतरी कुणीतरी दार उघडलं असणार. पहाटे तो माजघरात पाटाखाली झोपलेला मिळाला. मूर्ती अजून चित्रशाळेतून आली नव्हती. पाट रिकामा होता. लहान चुलतभावंडांची चर्चा रंगली, की उद्या बाप्पाचा उंदीर इथे बसला तर हा त्याला खाईल का. एक झिरमिळी थोडी आखूड दिसत होती. मला ते दिसलं. ही गोष्ट मी घरात कुणाला अजून सांगितलेली नाही. दिसलं, आणि वाटलं की तुटून कुठेतरी पडली असेल. त्या वेळी बाहेर 'गणपती इलो' चालू झालं होतं.

शनिवारी त्याने दोनदा उलटी केली. मी म्हटलं प्रवासाने असेल. जेवला नाही. मी म्हटलं जागा नवीन आहे. संध्याकाळी भजनं सुरू झाली. आमच्याकडे वाडीतली मंडळी घरोघर जाऊन भजन करतात, काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा वाटत वाटत रात्रीचा एक वाजतो. प्रॉडक्शनमध्ये अलर्ट येत असताना डॅशबोर्ड बंद करून झोपणारा सहकारी मला सहन होत नाही. त्या रात्री मी तेच केलं.

रविवारी ऋषिपंचमी. आजी ऋषीच्या भाजीच्या मागे होती. दुपारी चुलतबहिणीने हाक मारली. सुंगट कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, तोंडातून लाळ गळत होती, आणि शेपटीखालून बोटभर चंदेरी धागा लोंबत होता.

काका पुढे झाले. त्यांनी आयुष्यभर गुरं सांभाळलीत, त्यांचा हात धीट. धागा चिमटीत धरून म्हणाले, "ओडून काडूया."

आजी पाटावरून उठलीसुद्धा नाही. तिथूनच म्हणाली, "ओडू नको. दुसरो शेवट खय अडाकलो आसा, तुका दिसता?"

काकांनी हात मागे घेतला.

मी इंजिनियर आहे, माझ्या खिशात इंटरनेट आहे, आणि काकांच्या जागी मी असतो तर बहुतेक धागा ओढला असता. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की तो ओढला असता तर करवतीने कापावं तशी आतडी कापली गेली असती.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला रविवारची सुट्टी होती. फोनाफोनी करून कळलं की लहान जनावराचं पोटाचं ऑपरेशन आज करायचं तर म्हापसा. बांदा, पत्रादेवी, मग गोवा. तासाभराचा रस्ता. मी गाडीची चावी घेतली तेव्हा संध्याकाळच्या आरतीची तयारी चालू होती. बाबा खळ्यात उभे होते.

"सणाच्या दिसान माजरासाठी गोयाक जातलंस?"

मी काही बोललो नाही. त्यांनी गाडीला वाट करून दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

म्हापशाच्या डॉक्टरबाईंनी सुंगटला टेबलावर घेऊन पहिला प्रश्न विचारला, "जिभेखाली बघितलंत?" पोट दुखतंय तर जीभ कशाला बघायची, असं मला वाटलं. त्यांनी जबडा उघडून अंगठ्याने खालून जीभ वर ढकलली. जिभेच्या मुळाशी धाग्याचा फास बसला होता आणि तो मांसात रुतायला लागला होता. एक टोक तिथे अडकलेलं, दुसरं शेपटीखाली. मधलं सगळं आतडं त्या धाग्यावर नाडी ओढलेल्या पायजम्यासारखं गोळा होत चाललं होतं. आतडी अन्न पुढे ढकलायला हलतात, धागा जागचा हलत नाही, म्हणून ती धाग्यावरच चुणत जातात आणि शेवटी आतून कापली जातात.

मी विचारलं, त्याने तो थुंकला का नाही? बाई म्हणाल्या, थुंकता येत नाही. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात, आपल्याला चाटलं की खरखरीत लागतात ते. त्या सगळ्या काट्यांची टोकं घशाच्या दिशेने वळलेली असतात. हाडावरचं मांस खरवडायला, अंगावरची लव विंचरायला ते उपयोगी. पण त्यात धागा अडकला की तो आतच जातो. मांजर जितकी जीभ हलवेल तितका अजून आत. त्याला तो नको असला तरी.

आपण म्हणतो, मांजराला कळत नाही का, कशाला खातं. मीही म्हणायचो. चंदेरी, वळवळती, अधूनमधून थांबणारी वस्तू म्हणजे त्याच्या डोळ्यांना शिकार. पंजा मारला, दातात धरली, इथपर्यंत खेळ होता. पुढचं त्याच्या हातात नव्हतं. मी मात्र ती वस्तू त्याच्या उंचीवर टांगली होती.

ऑपरेशन रात्री झालं. जिभेखालचा फास कापला, जठर उघडलं, आतडं दोन ठिकाणी उघडलं. धागा एकाच कापातून ओढून काढता येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी सोडवावा लागतो. बाईंनी तो धुऊन एका छोट्या पिशवीत घालून मला दिला. हातभर होता, चमकी अजून तशीच. त्या म्हणाल्या, आता पुढचे तीन ते पाच दिवस नाजूक. टाके गळले तर पोटात पू होतो. जगला तर आठवड्याने समजा की जगला.

आमचा गणपती पाच दिवसांचा. म्हणजे बुधवार, ११ सप्टेंबर. त्या वर्षी पाट डोक्यावर घेऊन व्हाळापर्यंत जायचं काम माझ्याकडे होतं. आजोबा होते तोवर ते न्यायचे, मग बाबा. बाबांचा खांदा दुखावल्यापासून दोन वर्षं काका नेत होते आणि 'आता पोरांनी धरूचा' असं ठरलं होतं. मी मोठा नातू. सोमवारी-मंगळवारी मी म्हापसा-गाव फेऱ्या मारल्या, एका दुपारी गाडीतच बसून ऑफिसचा एक कॉलही केला. बाबा जेवायला वाढत होते, बोलत नव्हते. बुधवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला की ताप चढलाय, येऊन जा, कदाचित पुन्हा पोट उघडावं लागेल, सही लागेल.

मी घरात सांगितलं. कुणी जा म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. चुलतभावाने पाट उचलायचं ठरलं.

विसर्जनाआधी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. घरातलं किंवा वाडीतलं जाणतं माणूस देवासमोर उभं राहून एकेक मागणं मोठ्याने सांगतं आणि प्रत्येक मागण्यावर सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." संध्याकाळी मी दवाखान्याबाहेरच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा चुलतबहिणीने व्हिडिओ कॉल लावला. रेंजची बोंब. चित्र अडकलं होतं, काकांचा पाठमोरा शर्ट आणि माटवीचा एक कोपरा, पण आवाज येत होता. काका सांगत होते, पोरांच्या शिक्षणाचं, नोकरीधंद्याचं, शेताचं, दुखण्याखुपण्याचं. व्हय म्हाराजा. मुंबैकार सुखरूप पोचूदेत. व्हय म्हाराजा. मग काका थांबले आणि मागून बाबांचा आवाज आला.

"माजराचा सांग."

कुणीतरी हसलं. काका क्षणभर अडखळले. मग त्याच सुरात, एखाद्या माणसाचं सांगावं तसं, त्यांनी ते सांगितलं. शब्द मला नीट ऐकू आले नाहीत. उत्तर ऐकू आलं. तीस-चाळीस माणसं एकदम म्हणाली.

दुसऱ्यांदा पोट उघडावं लागलं नाही. ताप गुरुवारी उतरला. यात गाऱ्हाण्याचा वाटा किती आणि अँटिबायोटिकचा किती, या वादात मला पडायचं नाही. शनिवारी मी त्याला गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालून गावी आणला. माटवी सोडलेली होती. माजघराच्या खुंटीला पावाच्या पिशवीत उरलेल्या झिरमिळ्या भरून, वर गाठ मारून टांगल्या होत्या. बहीण म्हणाली, सोमवारी रात्री भजनं संपल्यावर बाबा टॉर्च घेऊन जमिनीवर बसले होते, पाटाखाली, कोपऱ्यात, खांबाच्या बुडाशी, एकही धागा राहिलेला नाही ना बघत. तेव्हा सुंगट म्हापशात होता. घरात धागा खाणारं कुणीच नव्हतं.

त्या वर्षीच्या दिवाळीपासून मी पुण्याच्या घरात काय काय बदललं, ते थोडं सांगतो, कारण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. झिरमिळ्या, चमकीच्या माळा, फुग्याच्या दोऱ्या, भेटवस्तूंवरच्या चंदेरी फिती, कापसाची वस्त्रं, हारातला नायलॉन धागा, यातलं काहीही त्याच्या आवाक्यात राहत नाही. उतरवलेला हार थेट झाकणाच्या डब्यात. आणि मांजराच्या तोंडातून किंवा मागून धागा दिसला तर ओढायचा नाही. कापायचाही नाही, डॉक्टरांनी कापला ती गोष्ट वेगळी.

लाइटच्या माळांबद्दल मला गर्व होता की हे तरी आपल्याला कळतं. फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकल होतं. घरात आरसीसीबी आहे, शॉक लागला तर ट्रिप होईल, एवढं माहीत. मग एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या लक्षात आलं की आरसीसीबी बघतं ते जमिनीकडे गळणाऱ्या करंटकडे. मांजराने वायर चावली आणि एक दात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला तर करंट एकीकडून येऊन दुसरीकडून नीट परत जातो. आरसीसीबीच्या दृष्टीने तो एक छोटासा बल्ब. स्वस्तातल्या एलईडी माळांमध्ये बहुतेक वेळा थेट २३० व्होल्टच खेळत असतात, दिवे छोटे म्हणून वायरही निरुपद्रवी वाटते. आता आमच्याकडे अ‍ॅडॅप्टरवर चालणारी बारा व्होल्टची माळ आहे, अ‍ॅडॅप्टर उंचावर, आणि मी घराबाहेर पडलो की प्लग काढलेला.

समई भिंतीतल्या कोनाड्यात. शेपटीला ज्योत दिसत नाही. कापूर डबीत, कारण तो मांजराला विषारी. आणि सणाला भेट म्हणून येणाऱ्या गुच्छांतली ती मोठी, वासाची, परदेशी लिली दारातच परत. तिचं पान, पाकळी, अगदी अंगावर सांडलेला पराग चाटला तरी मांजराची किडनी जाऊ शकते. देणाऱ्याला हे सांगताना फार अवघड होतं. एका काकूंना वाटलं मी फुलं नाकारायला बोक्याला पुढे करतोय.

नैसर्गिक म्हणजे बिनधोक, हा माझा एक समज होता, तोही गेला. झिरमिळ्या टाकून माटवीकडे परत जायचं म्हटलं तर कळलावीत कोल्चिसिन असतं, गाठीपासून फुलापर्यंत. कवंडळ तर आम्हालाही लहानपणी तोंडात घालू नका म्हणून बजावलेलं. ती सगळी विषं शतकानुशतकं गणपतीच्या डोक्यावर सुखाने लोंबतायत. फक्त वर लोंबतायत.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, चतुर्थी २७ ऑगस्टला होती. जुलैत बाबांचा फोन आला. भातलावणी, पाऊस, काकांचा गुडघा, सगळं बोलून झालं. मग म्हणाले, "माजर हाडतलंस मां?"

"हाडू?"

"हाड. चमकी नको हाडू."

आम्ही गेलो. सुंगटच्या पोटावर केस परत आलेत, हात फिरवला तर टाक्यांची रेघ लागते. या खेपेला माटवी बाबांनी आणि मी मिळून बांधली. सोपटाच्या गाठी मारल्यावर बाबा लोंबणारी शेंडी कात्रीने छाटत होते, प्रत्येक गाठीची, आणि छाटलेलं शर्टाच्या खिशात टाकत होते. कळलावी त्यांनी मधोमध, सगळ्यात वर घेतली. सुंगट खाली बसून वर बघत होता. एक चिबूड हळूहळू फिरत होता, त्याच्याबरोबर याची मान. दोन दिवस त्याने फक्त तेवढंच केलं.

पाचव्या दिवशी गाऱ्हाणं झालं आणि पाट मी घेतला. शाडूची मूर्ती भिजल्यासारखी जड लागते, मान आपोआप ताठ होते. एकदा डोक्यावर घेतला की व्हाळापर्यंत खाली ठेवायचा नाही. उंबरठ्याशी पोचलो आणि आतल्या कोंडलेल्या खोलीतून सुंगट ओरडायला लागला, आंबोली घाटातल्या सुरात. ढोलकी चालू होती तरी ऐकू येत होता. मला मान वळवता येईना.

बाबा माझ्या पुढ्यात झांजा घेऊन उभे होते. त्यांनी त्या माझ्या चुलतभावाच्या हातात दिल्या, "तुमी चला फुडे," म्हणाले आणि घरात गेले.